शस्त्र : भूषण की लांछन?



नवी रायफल सैन्याच्या हाती पडण्यापूर्वी तिची परीक्षा होते. आम्ही सारा जन्म मुलांच्या परीक्षा घेण्यात घालविला, म्हणून या परीक्षेविषयी आम्हांस कुतूहल वाटत आले आहे. परीक्षक रायफलीला वाळूत लोळवितात, चिखलात बुडवितात, हजारो गोळ्या झाडून ती कोठे अडते ते पाहतात. सुटे भाग किती, ते खोलून पुन्हा जोडण्यास वेळ किती, साध्या शिपायाचा नेम कितीदा लागतो, हे सारे मोजून गुण दिले जातात. एक प्रश्न मात्र त्या प्रश्नपत्रिकेत नसतो : ही गोळी कोणाला लागणार आणि त्याचा जाब कोणी द्यायचा?

इस्राएलचेच उदाहरण घेऊ. 1967 च्या युद्धात बेल्जियन घडणीची एफ. एन. रायफल वाळवंटातल्या धुळीने अडखळते, असा अनुभव आला आणि नव्या रायफलीचा शोध सुरू झाला. अमेरिकन एम-16, रशियन कलाश्निकोव्ह अशा परदेशी रायफलींबरोबर इथल्या दोघांच्या रचनाही चाचणीस उतरल्या. ‘उझी’चे जनक उझिएल गाल यांची रायफल मागे पडली, इस्राएल गालिली यांची पुढे गेली व 1972 साली ‘गालिल’ निवडली गेली. तिची आतली यंत्रणा मूळ कलाश्निकोव्हची, म्हणजे समोरच्या सैन्यांच्या हाती असलेल्या रायफलीचीच! शिपाई उझीच्या मॅगझिनने बाटल्या उघडतात आणि मॅगझिन बिघडवितात, हे ध्यानी घेऊन गालिलला बाटली उघडण्याची सोयही करून दिली होती. रचनाकाराने शिपायाच्या तहानेचाही विचार केला. नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा असेल, हे मात्र त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते.

मग दोष कोणाचा? पुष्कळ लोक म्हणतात, विळीने भाजी चिरावी की कोणाचा गळा, हे विळी ठरवीत नाही; दोष हाताचा. हा युक्तिवाद आम्हांस अपुरा वाटतो. विळी भाजीसाठीच घडविलेली असते. लढाईच्या रायफलीचे तसे नाही. अमेरिकेने 1986 ते 1990 या काळात चार निरनिराळ्या प्रायोगिक रायफलींची चाचणी घेतली. एकीच्या काडतुसात दोन गोळ्या एकामागे एक बसविल्या होत्या, तर दोघींत गोळीऐवजी बाणासारखा बारीक पोलादी सुळा होता. नेम लागण्याचे प्रमाण एम-16 च्या दुप्पट व्हावे, ही अट. एकही रायफल ती पुरी करू शकली नाही आणि प्रचंड खर्चाचा तो प्रयोग गुंडाळण्यात आला. त्यास ‘अपयश’ म्हणतात. परंतु यश आले असते तर त्याचा अर्थ काय झाला असता, हे त्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येकास ठाऊक होते. आपण काय घडवितो हे माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय कोणालाच नाही.

याचा अर्थ घडविणारा पापी, असेही नव्हे. 1943 साली वॉर्साच्या घेट्टोतले तरुण उठले तेव्हा त्यांच्यापाशी थोडीशी पिस्तुले आणि अगदी मोजक्या रायफली होत्या. त्या वेळी कोणी त्यांस आणखी शंभर रायफली पोहोचविल्या असत्या, तर त्या घडविणाऱ्याच्या हातांचे आपण चुंबन घेतले असते.

मिखाईल कलाश्निकोव्ह यांची रायफल 1949 साली सोव्हिएट सैन्याने स्वीकारली. मायभूमीच्या रक्षणासाठी आपण ती केली, असे ते जन्मभर सांगत आले. तरी आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी आपल्या धर्मगुरूंना पत्र लिहिले. माझ्या रायफलीने माणसांचे प्राण घेतले, तर त्या मृत्यूंचा दोष माझ्याकडे येतो काय, असा त्यांचा प्रश्न होता. शस्त्र देशाच्या रक्षणास लागत असेल तर ते घडविणाऱ्यास धर्मसंस्थेचा पाठिंबा आहे, अशी भूमिका मांडली गेली. पण त्या उत्तरातला ‘तर’ फार मोठा आहे. पुढे थोड्याच काळात कलाश्निकोव्ह वारले.

आपल्या पंडितांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. तोरातला पहिला लोहार तुबल-काईन. त्याने काईनचाच धंदा सुधारून खुन्यांना हत्यारे पुरविली, असा अर्थ राशी लावतात. मिश्नात वाद आहे, की शब्बाथला तलवार, धनुष्य लावून बाहेर पडावे काय? रब्बी एलिएझर म्हणतात, ही पुरुषाची भूषणे आहेत. इतर पंडित म्हणतात, भूषणे नव्हेत, लांछन आहे. जीव वाचविण्यासाठी शब्बाथलाही शस्त्र उचलण्यास त्यांची ना नव्हती. शस्त्राला दागिना म्हणण्यास होती. आणि तलमूदमध्ये शस्त्रे कोणास विकू नयेत याचीही चर्चा आहे. म्हणजे जबाबदारी चाप ओढणाऱ्यावर संपत नाही, विकणाऱ्यापर्यंत येते.

ही चर्चा जुनी झाली असे कोणी समजू नये. 1980 च्या दशकात गालिलचीच आवृत्ती दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीच्या सैनिकांच्या खांद्यावर होती. 1964 पर्यंत आपल्या बेने इस्राएल समाजाला याच देशात आपले यहुदीपण मान्य करून घेण्यासाठी झगडावे लागले. वंशावरून कमी लेखले जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी सोसले, त्यांनी तरी या व्यवहाराकडे डोळेझाक करू नये.

आमचे मत असे. दोष ही वाटून घेतल्याने कमी होणारी वस्तू नव्हे. घडविणारा, विकणारा, हुकूम देणारा आणि चाप ओढणारा, प्रत्येकाने आपापल्या जागी, आपापल्या वेळी तोच प्रश्न विचारला पाहिजे. कलाश्निकोव्हांप्रमाणे तो नव्वदीपर्यंत ठेवला, तर उत्तर देण्यास कोणी उरत नाही.

शस्त्र आपल्या समाजाला नवे नाही. आपले पूर्वज घाण्याचे तेल काढता काढता कंपनी सरकारच्या पलटणीत सुभेदार झाले, आणि आज दिमोना, अश्दोद, लोद येथील आपल्या घरांतून नातवंडे रायफल खांद्याला लावून शब्बाथसाठी येतात. त्यांच्या कर्तव्याचा आम्हांस आदर आहे. एवढेच सांगावेसे वाटते, की लहान भावंडांच्या हाती ती रायफल देऊन फोटो काढू नयेत. उझिएल गाल यांनीही आपल्या शस्त्राला आपले नाव देऊ नये, अशी विनंती केली होती. ती मानली गेली नाही, पण विनंती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शालोम.