रविवारचा हक्क

मुंबईत नोकरीसाठी येऊन राहिलेल्या पंचविशीतल्या कुणालाही विचारा, रविवारी काय केलंस? बहुतेकांचं उत्तर एकच येतं : झोपलो. मग उठून मोबाइल बघत पडलो, आठवड्याचे कपडे धुतले, संध्याकाळी मित्रांबरोबर मॉलमध्ये फिरलो आणि रात्री नऊपासून सोमवारची धास्ती लागली. वर्षाचे बावन्न रविवार असे जातात. पाच-सहा वर्षं सरली की लग्न, घराचा हप्ता, मूल, आणि तरुणपणातली मोकळीक म्हणून आठवावं असं फारसं काही हाताशी उरत नाही.

या मुलामुलींना आळशी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. बदलापूरहून सकाळी लोकलमध्ये उभं राहून यायचं, घाटकोपरला उतरून मेट्रो पकडायची, अंधेरीला पोहोचून पुन्हा शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं आणि रात्री हेच सगळं उलट्या दिशेने करायचं. कामाच्या तासांखेरीज तीन-चार तास नुसते प्रवासात जातात. परतल्यावर वन बीएचकेमध्ये चौघांनी मिळून राहायचं. जेवताना ऑफिसच्या ग्रुपवर साहेबाचा मेसेज येतो आणि त्याला अंगठ्याची खूण पाठवावीच लागते. असं सहा दिवस काढलेल्या माणसाला सातव्या दिवशी झोप लागली तर त्यात त्याचा काय दोष? दोष आहे तो वेगळ्याच ठिकाणी. हा दिवस आपल्याला कसा मिळाला हे आपण विसरलो आहोत, त्यामुळे तो कुणीही मागितला की आपण देऊन टाकतो.

हा दिवस याच शहरातल्या कामगारांनी झगडून घेतलेला आहे. 1880 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. रविवारी गिरणी बंद असली तरी यंत्रं साफ करायला कामगारांना बोलावलं जाई. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यातली पहिली मागणी होती रविवारची पूर्ण सुट्टी. रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्या माणसाला एक दिवस समाजाच्या कामासाठी मिळाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं सांगितलं जातं. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली. आज आयटी पार्कमध्ये बसणाऱ्या मुलाची सुट्टीही त्याच लढ्याच्या वारशातली आहे.

म्हणूनच जानेवारी 2025 मध्ये एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी कर्मचाऱ्यांकडून रविवारी काम करून घेता येत नाही याची खंत जाहीर केली, तेव्हा मला संताप आला. त्याहून जास्त वाईट वाटलं ते अनेक तरुणांनी, करिअर करायचं तर एवढं चालायचंच, असं म्हणून मान डोलावली याचं. 1890 मध्ये गिरणी कामगारांनी झगडून जे मिळवलं, ते पदवीधरांनी असं परत करायचं?

सुट्टी मिळाल्यावर त्या कामगारांनी तिचं काय केलं, हेही पाहायला हवं. गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींत भजनी मंडळं, व्यायामशाळा, मोफत वाचनालयं उभी राहिली. दामोदर नाट्यगृहात गिरणीत काम करणाऱ्यांनी नाटकं केली. वाटेगावहून चालत मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे शाळेत दीडच दिवस गेले होते. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत ते अक्षरं शिकले आणि 1944 मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. या माणसांकडे पैसा नव्हता, दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत होते. तरी मोकळा वेळ चौघांत वाटून घ्यायचा आणि त्यातून काहीतरी उभं करायचं ही रीत त्यांच्यात होती.

1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, आणि फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. लोअर परळच्या तरुणांचा रविवार तिथेच जातो. मॉलमध्ये जाऊ नये असं मी म्हणणार नाही. पण मॉलमध्ये थांबायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं, हे ध्यानात ठेवा. दोन कॉफी आणि एक केक यांचं बिल सहाशे रुपये होतं. पंचवीस हजार पगारातून खोलीचं भाडं, डबा, पास आणि गावी पाठवायचे पैसे वजा केले तर ही करमणूक परवडत नाही, मग क्रेडिट कार्ड येतं, ‘आत्ता घ्या, पैसे नंतर द्या’ येतं. एका संध्याकाळचे हप्ते तीन महिने चालतात. पैसे कमी असलेला मुलगा मग मित्रांमध्ये जाणंच टाळतो आणि खोलीत मोबाइल घेऊन बसतो. तिथेही त्याच्या वेळेवर कुणीतरी टपलेलं आहेच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांनी किती घरं पोखरली हे आपण पाहिलंच, म्हणून तर 2025 मध्ये संसदेला त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. रील्सवर मात्र कायदा येणार नाही. ती आपली आपणच थांबवायची आहेत.

शहराने तरुणांना जागा दिली नाही, ही तक्रार खरी आहे. केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा-बारा चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे. मुंबईत ती माणशी दोन चौरस मीटरसुद्धा येत नाही. जे मैदान उरलंय तेही लग्नं, प्रदर्शनं आणि पार्किंग यांत जातं. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडायला हवं आणि हे भांडण तरुणांनीच करायचं आहे, कारण मैदानाची गरज त्यांना आहे. पण आहे तेवढं तरी आपण वापरतो का? शिवाजी पार्कचा कट्टा फुकट आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून आहे, आणि शहरातल्या कितीतरी वाचनालयांची महिन्याची वर्गणी एका पिझ्झ्याहून कमी असेल. तिथे आज पेन्शनर मंडळी पेपर वाचत बसलेली असतात, पंचविशीतला एखादाच चेहरा दिसतो. एकांकिकांची मंडळं तालमीला माणसं शोधत असतात. गडावर जायचं तर इन्स्टाग्रामवरचं ‘पॅकेज’ घेऊन शे-दीडशेच्या घोळक्यात जायची गरज नाही. चार मित्रांनी कर्जत लोकल पकडावी, डबा बरोबर घ्यावा, माहीतगाराला विचारून वाट धरावी आणि आणलेला कचरा परत न्यावा. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातले अकरा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांच्यावर पडलेल्या वेफर्सच्या पिशव्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. गिरणगावाचं कौतुक करताना तिथला रविवार पुरुषांचा होता हे झाकून चालणार नाही. सुट्टीच्या मागणीसाठी भाषण करणाऱ्या स्त्रिया होत्या, पण सुट्टी आल्यावर चूल कुणाची बंद झाली? खानावळ चालवणाऱ्या बायांना तर रविवारी जास्तच भाकऱ्या थापाव्या लागत. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना संघटित केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या राबण्याला काम म्हणून मान मिळाला. आज चित्र बदललंय असं म्हणावं, तर सरकारी आकडे वेगळं सांगतात. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97, असं दिसलं. शिवाय घरकामाला हातच न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत.

डोंबिवलीतल्या घरात भाऊ दहापर्यंत लोळतो. त्याच्याइतकाच पगार आणणारी बहीण सातला उठून आईच्या हाताखाली असते. दुपारी भाऊ ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणतो आणि चपला घालतो. बहिणीला मात्र कुठे, कुणाबरोबर, कशाला, किती वाजता येशील, या सगळ्याची उत्तरं द्यावी लागतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये मुंबईतल्या स्त्रियांवर पुस्तक लिहून नेमकं हेच मांडलं की, बाईला शहरात वावरायला सतत कारण दाखवावं लागतं, आणि विनाकारण भटकता येणं हा तिचाही हक्क आहे. मुलीला बाहेर जायला क्लास, खरेदी किंवा देवदर्शन अशी सबब लागत असेल, तर तिची सुट्टी अजून तिच्या नावावर झालेली नाही. रात्रीच्या भीतीचं कारण पुढे करून तिला घरात ठेवणारे आईबाप कळकळीने वागतात हे मला मान्य आहे. पण रस्त्यावर बायका दिसत नाहीत म्हणून रस्ता धोक्याचा होतो, आणि धोक्याचा म्हणून बायका येत नाहीत. हे चक्र तोडायचं तर मुलींनी जास्त संख्येने बाहेर पडावं लागेल आणि मुलग्यांनी त्यांच्याकडे टक लावून न बघायला शिकावं लागेल.

आणखी एक जण राहिला. रविवारी दुपारी बिर्याणी घेऊन चार जिने चढून येणारा मुलगाही तुमच्याच वयाचा आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं वर्षभर उघडी ठेवायला मुभा दिली, पण कामगाराची साप्ताहिक सुट्टी कायम ठेवली. डिलिव्हरीच्या मुलाला मात्र कंपनी कामगार म्हणतच नाही, पार्टनर म्हणते, आणि पार्टनरला भरपगारी सुट्टी कसली? ज्या दिवशी जास्त ऑर्डरी त्या दिवशी जास्त पैसे, म्हणून रविवारी तो घरी बसूच शकत नाही. अशी मुलं हक्कासाठी रस्त्यावर उतरतात तेव्हा आपली ऑर्डर उशिरा आली म्हणून आपण चिडतो. लोखंड्यांच्या काळातही काही सुशिक्षितांना गिरणी कामगारांची मागणी अवाजवी वाटली होती. त्या सुशिक्षितांच्या बाजूला उभं राहायचं की कामगारांच्या, हे आज प्रत्येकाने ठरवावं.

येत्या शनिवारी रात्री ऑफिसच्या ग्रुपचा आवाज बंद करा. घरात किंवा रूमवर जेवढी माणसं आहेत तेवढ्यांत रविवारचं काम वाटून घ्या, मुलग्यांच्या वाट्याला भांडी आणि पोळ्या दोन्ही येऊ द्या. मग आईला, बहिणीला, रूममेटला विचारा, उद्या तुला कुठे जायचंय? आणि तिने कुठलंही ठिकाण सांगितलं, तरी कशाला, असं विचारू नका.