देखावा आणि युद्ध : लघुप्रतिकृतीच्या नीतीविषयी

मराठीत 'देखावा' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. गणेशोत्सवाच्या मांडवात मूर्तीभोवती उभारलेले दृश्य हा देखावा असतो. आणि एखाद्याने मनात नसलेल्या दुःखाचे प्रदर्शन केले तर तोही देखावाच असतो. दृश्य आणि ढोंग हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय एका विशिष्ट प्रकारचा देखावा हा आहे : युद्धाची लघुप्रतिकृती. तिच्या निर्मितीतून आणि दर्शनातून मिळणारा आनंद निर्दोष म्हणता येईल काय, आणि येत नसेल तर तो दोष नेमका कोठे असतो, असा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

हा प्रश्न मला केवळ तात्त्विक कुतूहलापोटी पडलेला नाही. मुंबईच्या उपनगरांत, मुलुंड-घाटकोपरच्या किंवा अंधेरी-बोरिवलीच्या सदनिकांत, लष्करी आगगाड्यांच्या प्रतिकृती बनविण्याचा छंद असलेली माणसे थोडी असली तरी आहेत, आणि मी त्यांपैकी एक आहे. पलंगाखाली सरकवता येईल अशा एका फळ्यावर १:८७ या प्रमाणातील रूळ, एक इंजिन आणि रणगाडे वाहून नेणाऱ्या काही सपाट वाघिणी, एवढाच माझा संसार. पातळ कागद गोंदाच्या पाण्यात भिजवून त्याची ताडपत्री करायची, खडूची भुकटी कुंचल्याने चोळून लोखंडावर गंज आणायचा, यात सुटीचे दिवस जातात. एके दिवशी पहाटे मुलुंड स्थानकात लोकलची वाट पाहत असताना शेजारच्या मार्गावर एक खरीखुरी लष्करी गाडी येऊन थांबली. ताडपत्रीखाली झाकलेल्या तोफा, आणि मागच्या डब्याच्या दारात दात घासत उभा असलेला एक तरुण जवान. फलाटावरच्या कोणी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. मी मात्र पाहत होतो. परंतु माझे लक्ष ताडपत्रीच्या दोऱ्या कोणत्या कोनात बांधल्या आहेत याकडे होते. गाडी निघून गेल्यावर हे माझ्या ध्यानात आले, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही.

लघुप्रतिकृती मोहक का वाटते, याची मीमांसा पाश्चात्त्य विचारात अनेकांनी केली आहे. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मोठ्या वस्तूचे ज्ञान आपल्याला अवयवाअवयवाने होते, तर लहान केलेल्या प्रतिकृतीत संपूर्णाचे ज्ञान अवयवांच्या आधी होते. आकाराने घटलेली वस्तू आपल्याला गुणदृष्ट्याही सुगम वाटू लागते. गास्तों बाशलार यांना लघुरूपात कल्पनाशक्तीचे मुक्त घर दिसले. सुझन स्ट्यूअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' (१९८४) मध्ये लघुरूपाचा कल कथनापेक्षा स्थिर दृश्याकडे असतो याकडे लक्ष वेधले : लघुविश्वात काळ थबकलेला असतो. उपनगरात राहणाऱ्याला या मीमांसेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या दिवसाचा मोठा भाग एका प्रचंड रेल्वेव्यवस्थेचा नगण्य अंश म्हणून जातो, तो रात्री घरी येऊन तीच व्यवस्था तळहातावर धरतो. ही सत्तेची उलटापालट आहे, आणि तेवढ्यापुरती ती क्षम्यही आहे.

परंतु ज्या गोष्टीवर आपण अशी सत्ता गाजवतो ती गोष्ट युद्ध असेल तेव्हा काय होते? येथे पहिला बचाव कलेच्या स्वायत्ततेचा आहे. तो भारतीय परंपरेत फार जुना आहे. अभिनवगुप्ताने ज्याचे मत नोंदवले त्या श्रीशंकुकाच्या चित्रतुरगन्यायानुसार, चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय व सादृश्य या चारही लौकिक प्रतीतींहून निराळी असते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात ज्या अलौकिकतावादी भूमिकेची चिकित्सा केली, तिचाही रोख असाच राहील : फळ्यावरचा रणगाडा हा रणगाडा नव्हे, त्याला युद्धाचे नियम लावणे हा कोटिप्रमाद होय.

हा बचाव भक्कम आहे. अडचण एवढीच की ज्याच्यासाठी तो उभा केला जातो तो छांदिष्ट स्वतःच तो स्वीकारत नाही. त्याला चित्रतुरग नको असतो. त्याला सम्यक् ज्ञान हवे असते. रणगाड्यावरील रंग त्या वर्षीचा आहे की नंतरचा, वाघिणीला किती खिळे होते, यावर तो वाद घालतो. एक उदाहरण पुरेसे होईल. १:८७ या प्रमाणासाठी बाजारात मिळणाऱ्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे अंतर १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय रुळांशी जुळते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. त्याच प्रमाणात तो सुमारे १९.३ मिलिमीटर यायला हवा. म्हणजे अशा रुळांवर धावणारी प्रत्येक भारतीय गाडी पावणेतीन मिलिमीटरचे असत्य बाळगून धावते. या पावणेतीन मिलिमीटरांची बोच माझ्यासारख्याला वर्षानुवर्षे सलत राहते. जो असत्याचा इतका सूक्ष्म हिशेब ठेवतो, त्याला 'हे तर केवळ चित्र आहे' असे म्हणून सुटता येणार नाही. त्याला त्याच्याच निकषावर तपासणे न्याय्य आहे.

तो निकष लावला की दिसते ते असे : ही सत्यनिष्ठा वस्तूंच्या पृष्ठभागापुरती आहे. लोखंडावरील गंज, लाकडाच्या चिरा, चिखलाचे शिंतोडे यांना प्रेमाने स्थान मिळते. वस्तूंचे झिजणे सुंदर मानले जाते. माणसांचे झिजणे मात्र वगळले जाते. या प्रमाणात माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा होतो. तो पहारा देतो, विडी ओढतो, दोरखंड आवळतो. मरत नाही. देखाव्यांतील गाड्या बहुधा आघाडीकडे निघालेल्या असतात. आघाडीवरून जखमींना घेऊन परतणारी रुग्णगाडी इतिहासात तितकीच खरी असूनही क्वचितच निवडली जाते. स्ट्यूअर्ट यांच्या थबकलेल्या काळाला येथे नैतिक अर्थ प्राप्त होतो. काळ कोठे थांबवावा हे प्रतिकृतीकार ठरवतो, आणि तो घटनेच्या अगोदरचा क्षण निवडतो.

याच्याशी आपल्याकडील दिवाळीच्या किल्ल्याची तुलना उद्बोधक ठरेल. तोही युद्धाचाच देखावा आहे. वीट-दगड रचून, चिखलात भिजवलेले गोणपाट अंथरून, हळीव पेरून मुले इमारतीच्या आवारात, जागा नसेल तर गॅलरीच्या फरशीवर, किल्ला करतात; वर मातीचे मावळे मांडतात. शास्त्रशुद्ध प्रतिकृतीकार या किल्ल्याकडे हसून पाहील, कारण त्यात प्रमाण म्हणून काही नसते. मावळा बुरुजाएवढा असतो, सिंहासनावरचे महाराज दरवाजातून आत जाणार नाहीत एवढे मोठे असतात, आणि तटापेक्षा वाघ उंच असतो. पण ही प्रमाणहीनता अज्ञानातून येत नाही. येथे आकार मूल्यानुसार ठरतो. जो मोठा मानला तो मोठा दिसतो. किल्ला आपण एक श्रद्धेय कथा असल्याचे उघडपणे सांगतो. याउलट सर्वत्र एकच प्रमाण पाळणारी प्रतिकृती आपण कोणतीही कथा सांगत नसून जसे होते तसे दाखवीत आहोत, असा दावा करते. म्हणून ती जितकी अचूक, तितके तिच्यातील वगळणे अदृश्य. किल्ला दिवाळीनंतर मोडतो, माती मातीत जाते. प्रतिकृती धूळ लागू नये म्हणून काचेआड जाते. असत्याची शक्यता चुकीच्या मापात असते त्याहून अधिक अचूक मापात असते, असा काहीसा विरोधाभासात्मक निष्कर्ष येथे काढावा लागतो. ऐतिहासिक कादंबरीतील तपशिलांच्या अचूकतेलाच इतिहासनिष्ठा समजणाऱ्या समीक्षेनेही तो लक्षात घ्यावा.

दुसरा बचाव अधिक मानवी आहे : लहान युद्ध मोठ्या युद्धाची भूक भागवते. एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' (१९१३) या खेळण्यातील सैनिकांच्या खेळावरील पुस्तकाच्या शेवटी हाच युक्तिवाद केला होता : खऱ्या युद्धाच्या मानाने हे युद्ध किती निरुपद्रवी! पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. खेळामुळे ते झाले नाही हे खरे. पण खेळाने ते थांबलेही नाही. या बचावाची खरी परीक्षा लॉरेन्स स्टर्नने अठराव्या शतकातच घेऊन ठेवली आहे. 'ट्रिस्ट्रम शँडी'मधील अंकल टोबी नामूरच्या वेढ्यात जखमी झालेला आहे. आपण नेमके कोठे जखमी झालो हे त्याला लोकांना सांगता येत नाही. सांगताना तो गोंधळतो. म्हणून तो आधी नकाशे आणि मग हिरवळीवर तटबंदीच्या प्रतिकृती उभारू लागतो. येथे प्रतिकृती हे पलायन नाही. जे बोलता येत नाही त्याची ती भाषा आहे. टोबी माशीलाही न मारणारा माणूस आहे. तरीही युट्रेक्टचा तह होतो तेव्हा तो खिन्न होतो, कारण आता हिरवळीवर करण्यासारखे काही उरत नाही. जखमेतून जन्मलेला छंदसुद्धा शांततेने उदास होऊ शकतो, हे स्टर्नचे निरीक्षण मला कोणत्याही सिद्धान्ताहून भेदक वाटते. आपल्याकडे १९९९ मध्ये कारगिलचा विषय गणेशोत्सवाच्या देखाव्यांत आला. त्यांत खरी कृतज्ञता होती हे नाकारण्याचे कारण नाही. पण विसर्जनानंतर तो देखावा पाहणाऱ्यांच्या मनात शोक उरला की पुढील देखाव्याची प्रतीक्षा, हे टोबीला विचारावे लागेल.

आता कठीण उदाहरणाकडे वळू. विसाव्या शतकात आगगाडी हे निष्पाप वाहन राहिले नाही. ज्या बंद वाघिणींतून धान्य आणि दारूगोळा गेला, तशाच वाघिणींतून युरोपातील ज्यूंना छळछावण्यांकडे नेण्यात आले. १९४७ साली पंजाबात प्रेतांनी भरलेल्या गाड्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पोहोचल्या. खुशवंत सिंग यांची 'ट्रेन टू पाकिस्तान' (१९५६) त्याच आठवणीवर उभी आहे. ती गाडी १:८७ या प्रमाणात करावी असे माझ्या मनात कधी आले नाही, आणि कोणी सुचवले तर मी शहारेन. प्रश्न असा की, का? प्रतिकृती जर खरोखर चित्रतुरग असेल तर ही गाडीही चित्रच ठरेल. मग कचरण्याचे कारण काय? आणि तेथे कचरणे योग्य असेल, तर रणगाड्यांच्या गाडीपाशी मी इतका निर्धास्त कसा? आपला हा शहाराच साक्ष देतो की लघुरूप निर्दोष असते असे आपण मनातून कधीच मानलेले नव्हते.

यावर असे म्हटले जाईल की, वेदना लहान करणे हाच अपराध आहे, म्हणून ती वगळणेच सभ्यपणाचे. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आउश्विट्झच्या संग्रहालयात मिएचिस्लाव स्टोबिएर्स्की या शिल्पकाराने केलेली शवदाहगृहाची पांढरी प्लास्टरची प्रतिकृती आहे. तिच्यात पायऱ्या उतरणारी, कपडे उतरवणारी, कोंडलेली माणसे आहेत. ती प्रतिकृती कोणाला मोहक वाटत नाही. लेव्ही-स्ट्रॉस यांनी सांगितलेले संपूर्णाचे पूर्वज्ञान येथेही होते. मात्र त्यातून सुगमतेचे समाधान मिळत नाही, कारण त्या संपूर्णातून माणूस वजा केलेला नाही. म्हणजे दोष लहान करण्यात नाही. लहान करताना ज्याने ती गोष्ट जड होते तेच काढून टाकण्यात आणि उरलेल्याला संपूर्ण म्हणण्यात तो आहे.

म्हणून या छंदाचा त्याग करावा असा माझा निष्कर्ष नाही. पुण्यात १९९८ मध्ये उघडलेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात मुले ज्या विस्मयाने धावत्या गाड्या पाहतात, तो विस्मय मला मौल्यवान वाटतो. परंतु लष्करी गाडीच्या प्रतिकृतिकाराने ज्या काटेकोरपणे रुळांचे पावणेतीन मिलिमीटर मोजले, त्याच काटेकोरपणे त्याने वगळलेल्या गोष्टींचाही हिशेब द्यावा, एवढे मागणे गैर नाही. माझ्या घराजवळून जाणाऱ्या याच मार्गाने दुसऱ्या महायुद्धात मुंबई बंदरात उतरलेले सैनिक देवळालीच्या तळाकडे नेले जात. त्यांतील कितीजण परतले हे फळ्यावर दाखवता येणार नाही. पण गाडी कोठे चालली आहे हे ठाऊक नसल्यासारखे तिला सजवता येणार नाही.

शेवटी शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा दाखला देणे आवश्यक वाटते. आपल्या परंपरेतील एका थोर नाटकाचे नाव एका खेळण्यावरून पडले आहे. रोहसेनाला सोन्याची गाडी हवी असते, मिळते मातीची. तो रडतो, आणि वसंतसेना आपले अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. हा प्रसंग वात्सल्याचा म्हणून आपण लक्षात ठेवतो. पुढचे विसरतो : तेच अलंकार परत करायला निघालेल्या विदूषकाच्या जवळून न्यायसभेत खाली पडतात, आणि चारुदत्ताविरुद्ध खुनाचा पुरावा ठरतात. मुलाच्या खेळण्यात ठेवलेल्या वस्तूमुळे एका निरपराध माणसाला वधस्तंभाकडे चालावे लागते. खेळण्याची गाडी जगाबाहेर उभी नसते, हे शूद्रकाला ठाऊक होते. माझ्या फळ्यावरील शेवटच्या डब्याच्या दारात आता मी दोन सेंटिमीटरांचा एक जवान उभा केला आहे. त्याने देखाव्याचा हिशेब पुरा होत नाही. पण ताडपत्रीच्या दोऱ्यांकडे पाहताना आता मध्येच तो दिसतो.