पायाचा कागद

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री पडेगावचा रस्ता झोपत नाही. छत्रपती संभाजीनगरातून छावणीमार्गे निघालेली माणसं घोळक्याघोळक्यानं पडेगाव, मिटमिटा, शरणापूर मागे टाकतात, दौलताबादचा घाट चढतात आणि पहाटे खुलताबादला भद्रा मारुतीच्या रांगेत उभी राहतात. इथल्यासारखी निजलेल्या मारुतीची मूर्ती फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते, म्हणून श्रावणातल्या शनिवारीही ही वाट अशीच वाहते. शहरापासून अंतर पंचवीसेक किलोमीटर. चालणाऱ्यांत पुष्कळजण अनवाणी असतात.

पडेगावचे तात्या त्यांतलेच. तरुणपणापासून त्यांनी ही वाट अनवाणीच तुडवली होती. पायात वहाण घालून मारुतीला जाणं त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

एका वर्षी माघात डॉक्टरांनी त्यांचे पाय तपासले. शुगर बरीच वर्षं होती; गोळ्या चालू होत्या, पायांकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्यावर जागोजागी टेकवला. टेकला की 'हो' म्हणायचं. टाचेला तात्या 'हो' म्हणाले. चवड्याला गप्प राहिले. अंगठ्याला दोरा वाकेपर्यंत टेकवला, तरी गप्पच. शेजारी उभी असलेली नात ते पाहत होती, आणि तिच्या पोटात गोळा आला.

"काटा रुतला तरी तुम्हाला कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "घरच्यांना कळेल तोवर जखम चिघळलेली असेल. आजपासून अनवाणी चालणं बंद. घरातसुद्धा."

"आणि मारुती?"

डॉक्टरांनी पायांच्या नाड्या पाहिल्या, कुठे जखम, भेग, घट्टा नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "रक्त नीट पोचतंय. चालायला हरकत नाही. पण बूट नीट बघून घ्या. आणि वाटेत थांबून पाय तपासायचे."

तात्या चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. एवढ्या वर्षांचा नेम मोडायचा, हे दुःख लहान नव्हतं, आणि 'त्यात काय एवढं' म्हणणाऱ्यांना ते कळणारही नव्हतं. नातीनं समजूत घातली नाही. ती एवढंच म्हणाली, "तात्या, मारुतीला तुम्ही आलेले हवे असाल की तुमचे पाय फुटलेले हवे असतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं शहरात गुलमंडीच्या बाजारात गेली. दुकानदारानं चांगले चालायचे बूट दाखवले. तात्यांनी एक जोड पायात घातला, दुकानात दोन फेऱ्या मारल्या. "एकदम बसला. कुठंच लागत नाही." पैसे दिले, घरी आले.

पडेगावात रस्त्याकडेला पत्र्याच्या टपरीत नाना बूट-चपला शिवतात. तात्या संध्याकाळी कौतुकानं नवा जोड त्यांना दाखवायला गेले. नानांनी बूट हातात घेतला, पुढून दाबून वाकवला. वाकला तो चवड्यापाशी, मध्यावर नाही. हे त्यांना पटलं. टाचेचा कप अंगठ्यानं दाबला, घट्ट होता, तेही पटलं. मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून जमिनीवर टाकलं.

"यावर उभे राहा. बसून नाही, सगळा भार टाकून उभे राहा."

पेन्सिल सरळ धरून त्यांनी दोन्ही पायांची आखणी केली, कात्रीनं कापली आणि एकेक कागद बुटात सरकवला. उजवा बसला. डावा करंगळीच्या बाजूनं दुमडला, वर चढला.

"हा बूट तुमच्या करंगळीला दाबतोय, तात्या."

"अरे पण लागत नाही ना!"

"तेच तर. तुमची करंगळी बोलत नाही, म्हणून मी कागदाला विचारलं."

तात्या खाली बसले. नाना समजावून सांगत होते आणि नात कान देऊन ऐकत होती. पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला नेमक्या मापाचा बूट ढिला वाटतो. आवळला की कुठे 'आहे' असं कळतं, म्हणून तो हमखास घट्ट जोड उचलतो. त्यात खरेदी सकाळची. दिवसभर उभं राहून, चालून पाय सुजतो. सकाळी बरोबर बसलेला बूट रात्रीच्या वाटेवर लहान होतो. म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा, जे मोजे घालून चालायचं तेच घालून घ्यावा, दोन्ही पायांत घालून पाहावा आणि माप मोठ्या पायाचं धरावं. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, चवड्यावर दाब नको, टाच मात्र आत खालीवर होता कामा नये.

दोघं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद घेऊन पुन्हा गुलमंडीला गेली. दुकानदारानं कुरकुर न करता रुंद चवड्याचा जोड बदलून दिला. घरात घालायला त्यांनी मऊ एमसीआर रबराची, मागून पट्टा असलेली चप्पलही घेतली. पांढरे मोजे नातीनं निवडले. आत रक्त आलं तर पांढऱ्यावर लगेच दिसतं. मोज्याची शिवण बोटांवर घासू नये म्हणून ते उलटे घालायचं ठरलं.

नवे बूट थेट लांबच्या वाटेवर न्यायचे नाहीत, ही नानांची शेवटची अट. तात्यांनी ती मनापासून पाळली. आधी नाक्यापर्यंत, मग मिटमिट्यापर्यंत, मग शरणापूरपर्यंत. प्रत्येक वेळी बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा-खिळा नाही ना पाहायचं आणि घरी आल्यावर नात आरसा धरून तळवे पाहायची. लाल डाग दिसला आणि थोड्या वेळात गेला नाही, तर तिथे बूट दाबतोय असं समजायचं. एकदा तसं झालं, तेव्हा नानांनी नाडी ओवण्याची पद्धत बदलून तिथला ताण सोडवला.

घरादाराचं लक्ष तात्यांच्या पायांवर होतं. नातीनं चैत्रात स्वतःसाठी कोणते बूट घेतले, हे कुणी पाहिलंच नाही. रंग छान होता, मैत्रिणींना आवडले होते. ते तिनं पहिल्यांदा पायात घातले ते थेट हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री, निघताना.

चांदणं टिपूर होतं. वाटेवर पाण्याचे, चहाचे मंडप लागले होते. तात्या शरणापूरला थांबले, बूट-मोजे काढले, नातीनं टॉर्चनं पाय पाहिले, पुन्हा निघाले. बरोबरची पोरं पुढे गेली. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही.

दौलताबादला किल्ल्याचा काळा उंचवटा समोर आला, तेव्हा नात मागे पडू लागली. हे गाव पायपिटीची फार जुनी आठवण सांगतं. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथे हलवली आणि हजारावर किलोमीटरची वाट माणसांना तुडवावी लागली. त्या माणसांच्या पायांचं काय झालं असेल, याची नोंद बखरीत कोण ठेवतो? राजाचं नाव राहतं.

तात्या नेमाप्रमाणे दगडावर बसले. स्वतःचे पाय तपासून घेतले, ठीक होते. मग म्हणाले, "आता तू काढ."

"मला काही नाही झालं, तात्या. घाट चढू, मग बघू."

"काढ म्हणतो ना."

तिनं बूट काढला. मोजा सुती होता, घामानं भिजून टाचेला चिकटला होता. टाच लालबुंद झाली होती. फोड अजून आला नव्हता, यायच्या बेतात होता.

"कधीपासून जळजळतंय?"

"मिटमिट्यापासून. तुमचा खोळंबा नको म्हणून बोलले नाही."

तात्या बराच वेळ ती टाच धरून बसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "माझा पाय मला काही सांगत नाही, बाई. तो सांगावा म्हणून मी कागद, आरसा, टॉर्च सगळं करतो. तुझा पाय दीड तास ओरडतोय, आणि तू त्याला गप्प बसवतेस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांनी आपल्या पिशवीतला जादा मोज्यांचा कोरडा जोड काढला. टाच पुसून कोरडी केली, लाल जागेवर चिकटपट्टी गुळगुळीत, सुरकुती न पाडता लावली आणि वरच्या भोकातून नाडी आवळून टाच आत घट्ट बसवली. घाट दोघं सावकाश चढली. कागजीपुरा, हातकागद बनवणाऱ्यांचं गाव, अजून झोपेत होतं. तिथे पुन्हा थांबून दोघांनी एकमेकांचे पाय पाहिले.

उजाडायच्या आत ती खुलताबादला पोचली. देवळाबाहेर सगळ्यांच्याच वहाणा उतरत होत्या. अनवाणी आलेला आणि बूट घालून आलेला तिथे वेगळा ओळखू येत नव्हता. तात्यांनी बूट काढले, मोजे पायात ठेवले आणि रांगेत उभे राहिले. परतताना दोघं बसनं आली. तात्यांच्या पायाला ओरखडा नव्हता, आणि नातीची टाच चार दिवसांत बरी झाली.

पुढल्या हनुमान जयंतीला किंवा श्रावणातल्या शनिवारी तुम्ही या वाटेनं निघणार असाल आणि घरात कुणाला शुगर असेल, तर आज रात्रीच त्यांचे तळवे उजेडात पाहा. त्यांनी 'काही लागत नाही' म्हटलं, तरी पाहा. आणि बूट घ्यायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, त्यांच्या पायांचा कागद सोबत घेऊन जा.