जीव वाचला, मग बास?

कॅन्सरचं नवं, महाग मशीन शहरातल्या पैसेवाल्यांसाठी आणि बारामती-इंदापूरकडच्या बाईला जे मिळेल ते, असं आपण न बोलता धरून चालतो. वर समजूतदारपणे म्हणतो, ‘जीव वाचला ना, मग बास.’ गरिबाला उपचार, श्रीमंताला अचूक उपचार. ही वाटणी ऐकायला व्यवहारी वाटते. मला ती उलटी वाटते, आणि त्याचं कारण एका आकड्यात आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने २०११ ते २०१९ या काळात एक चाचणी घेतली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन झालेल्या आणि त्यानंतर रेडिएशन लागणाऱ्या ३०० स्त्रिया, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटलेल्या. एका गटाला नेहमीचं थ्रीडी रेडिएशन. दुसऱ्या गटाला आयजी-आयएमआरटी, म्हणजे आधी मशीनवरच आतलं चित्र काढून, जागा तपासून, मग हवा तसा आकार देऊन सोडलेले किरण. डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॅन्सर रोखण्यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. फरक पडला तो आतड्यांत. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के, दुसऱ्यात २१.१ टक्के.

आतडी यात कुठून आली? हा कॅन्सर पसरायला लागला की बहुतेकदा आधी ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींत पोचतो. घेवड्याच्या दाण्यासारख्या या ग्रंथी मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने असतात. तिथे किरण पोचायलाच हवेत, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी तिथे दडलेल्या असू शकतात. पण गर्भाशय काढल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत आतड्याची वेटोळी खाली उतरतात आणि नेमकी याच शेजारात येऊन बसतात. त्यात आतली मांडणी रोज बदलते. आज मूत्राशय भरलेलं, उद्या अर्धं रिकामं, परवा पोटात गॅस. न पाहता किरण सोडायचे तर नेम चुकू नये म्हणून आजूबाजूचाही बराच भाग भाजून काढावा लागतो.

आता तो ‘मध्यम त्रास’. डॉक्टर दुष्परिणाम मोजायला जी पट्टी वापरतात, तिच्यात दुसऱ्या पायरीचे जुलाब म्हणजे नेहमीपेक्षा दिवसाला ४ ते ६ वेळा जास्त जावं लागणं. पट्टी एवढंच विचारते. कुठे जावं लागतं, हे ती विचारत नाही.

पुण्यातल्या ऑफिसात हा त्रास लाजिरवाणा आणि थकवणारा असेल, तो खोटा आहे असं कोण म्हणेल? पण नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, इंदापूरच्या कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. बीडकडून आलेली टोळी, पहाटेच फडात. मुक्काम कोपीत. आडोसा म्हणजे उभा ऊस, आणि तो तर आपणच तोडत पुढे चाललेलो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून ती सारखी उठून गेली तर दोघांचं काम मागे पडतं. दिवस बुडाला तर खाडा, आणि मुकादम तो उचलीतून कापून घेणार. मग बाई काय करते? पाणी पीत नाही. जेवत नाही. किंवा पुढच्या हंगामाला येतच नाही, आणि घरी ‘तिच्याच्यानं आता होत नाही’ अशी तिची नोंद होते. पट्टीवरची पायरी तीच, दुसरी. मात्र एकीचा दिवस अवघड होतो आणि दुसरीचं पोटच बंद होतं.

म्हणून म्हणतो, अचूकपणाची गरज ज्याच्याकडे चुकीची भरपाई करायला काहीच नाही त्याला जास्त असते. श्रीमंत माणूस आडमाप उपचारही निभावून नेतो; त्याच्याजवळ संडास आहे, रजा आहे, जवळ डॉक्टर आहे.

यावरचा आक्षेप खरा आहे आणि मला तो झटकता येत नाही. रोज चित्र काढायचं, जुळवायचं, मग किरण. एका रुग्णामागे मशीन जास्त वेळ अडतं. आखणीलाही डॉक्टर आणि फिजिसिस्टचे तास लागतात. तेवढ्यात साध्या पद्धतीने आणखी कुणाचा नंबर लागला असता, आणि थांबलेल्याचा कॅन्सर थांबत नाही. रांग लांबून एखादीचा जीवच जाणार असेल, तर दुसरीची आतडी वाचवण्यासाठी मी ती लांबवणार नाही. तिथे साधी पद्धतच योग्य.

अंतराचंही तसंच. असं रेडिएशन साधारण २५ वेळा, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. इंदापूर ते पुणे सुमारे १४० किलोमीटर. रोज जा-ये केली तर सात हजार किलोमीटर होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघाला तरी बुडालेली मजुरी निघत नाही. टेंभुर्णी-कुर्डूवाडीवरून बार्शीचं कॅन्सर रुग्णालय गाठता येतं. (देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली त्याच बार्शीत सुरू झाली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.) सगळ्यात भारी मशीन दूर असेल आणि त्यामुळे उपचार अर्ध्यावर सुटणार असेल, तर जवळचं साधं मशीनच बरं.

पण बऱ्याच ठिकाणी निवड इतकी टोकाची नसते. एकाच रुग्णालयात दोन्ही पद्धती असतात, चांगल्या मशीनवर जागा थोड्या असतात, आणि त्या कुणाला मिळतात हे बऱ्याचदा पैसे, ओळख आणि कोण नीट मागतं यावर ठरतं. ‘आयजीआरटी हवं’ असं गुगल करून आलेला मुलगा म्हणू शकतो. फडातून आलेली बाई म्हणत नाही, कारण असं काही मागता येतं हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं.

केसपेपरवर वय, बाळंतपणं, मधुमेह, तंबाखू सगळं लिहिलं जातं. त्याच ओळीत आणखी एक प्रश्न मावेल: बाई, कामावर असताना संडासला कुठे जाता? विचारायला अर्धं मिनिट लागेल. ‘उसात’ असं उत्तर आलं, तर त्या दिवशीच्या यादीत तिचं नाव कुठे लिहायचं हे तिच्या समोरच ठरवता येईल.