मारका कोंबडा आणि आपले स्वच्छ हात

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी विचारलं, "परसातला कोंबडा लेकरांच्या अंगावर येतोय. माळ घातल्यापासून आमच्याकडं कापत नाहीत. बाजारात विकला तर चालतंय का? पाप तर लागत नाही ना?" सगळ्याजणी हसल्या. आम्हाला मात्र हसू आलं नाही, कारण हे आमच्या घरी घडून गेलंय.

भालकी, औराद, आळंद, बसवकल्याणकडच्या कितीतरी घरांत आजही परसात खुराडं असतं. आमच्याकडं आत्याबाईंच्या वेळेपासून कोंबड्या आहेत. घरात खाणारे खातात, त्यांच्यावर आमचं बोट नाही. प्रश्न आमचा आहे, "आम्ही जीव घेत नाही" असं म्हणणाऱ्यांचा.

दोन वर्षांपूर्वी एक कोंबडा असाच मारका निघाला. पाणी घालायला गेलं की पाठीमागून झेप घ्यायचा. शेवटी बाजारच्या दिवशी डालग्यात घालून कोंबडीवाल्याला दिला. त्याचं पुढं काय होणार, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी "आपण कापला नाही" असं म्हणत घरी आलो आणि त्याच पैशांतून गुरुवारच्या प्रसादाला साखर घेतली. सुरी दुसऱ्याच्या हातात होती, पैसा आमच्या हातात. हात स्वच्छ कसे? ती साखर आजही आठवते.

यंदा पुन्हा तीच वेळ आली. नव्या तांबड्या कोंबड्यानं नातवाच्या गालावर ओरखडा काढला, डोळ्याच्या बोटभर खाली. सूनबाई रडत म्हणाली, "आई, एक तर हा राहील, नाहीतर आम्ही." एक ओळखीचा माणूस जास्त पैसे देऊन झुंजीसाठी मागायला आला. त्याला दारातूनच परत पाठवलं. प्राण्यांची झुंज लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही गुन्हा आहे.

आम्ही आधी क्षमेचा विचार केला. पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट आपण सगळे सांगतो. अंगावर थुंकणाऱ्यावर ते रागावले नाहीत, पुन्हा पुन्हा गोदेत स्नान करत राहिले. पण नाथांनी सोसलं ते स्वतःच्या अंगावर. नातवाच्या डोळ्याची किंमत देऊन दयाळू व्हायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? दुसऱ्याच्या जिवावरची क्षमा ही क्षमा नव्हे, तो हलगर्जीपणा.

मग मारायचं नाही आणि सोसायचंही नाही, तर करायचं काय? माहिती काढली, तेव्हा आमच्याच चुका दिसल्या.

नऊ कोंबड्यांमागं आम्ही तीन कोंबडे ठेवले होते. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, आणि अंडी तर कोंबड्याशिवायही मिळतात, फक्त त्यांतून पिलं निघत नाहीत. कोंबड्यांत मानाची उतरंड असते. नॉर्वेच्या थॉर्लिफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या पाहून 1920 च्या सुमारास हे मांडलं. कोंबडा पाच-सहा महिन्यांचा झाला की आपली जागा ठरवायला निघतो. आपण पळालो तर त्याला वाटतं, जिंकलो. लाथ मारली तर वाटतं, हा माझ्या बरोबरीचा, लढलंच पाहिजे. आणि आमची पोरं काय करत होती? काठीनं डिवचायची, मग ओरडत पळायची. वर आम्ही झाडू मारायचो. मारका आम्हीच केला होता.

आता आम्ही असं करतो. तो अंगावर आला की पळत नाही, मारत नाही. जाड चप्पल-बूट घालून जागेवर उभं राहतो, हळू एक पाऊल पुढं टाकतो. त्यानं मान वळवून दाणे टिपायला सुरुवात केली की मगच निघतो. पायामागच्या काट्याचं टोक जनावरांच्या डॉक्टरांकडून घासून बोथट करून घेतलं. आत जिवंत हाड असतं, म्हणून घरी कापायला जाऊ नये. आणि मुख्य म्हणजे जाळीचा वेगळा कप्पा केला. लेकरं परसात आली की तो आत. जखम झालीच, तर साबण-पाण्यानं धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

फरक पडला का? मोठ्यांच्या अंगावर आता क्वचितच येतो. लेकरांवर मात्र भरवसा ठेवता येत नाही, म्हणून जाळी कायमची. खर्च झाला, रोजचं कामही वाढलं. शेजारची अक्का हसते, "एका हुंज्यासाठी एवढं?" पण आम्हाला वाटतं, दयेची किंमत बहुधा अशीच असते. ती मनातल्या कळवळ्यानं भागत नाही. तिला तार, खिळे आणि रोजचा वेळ लागतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पिलं निघाली की साधारण निम्मे नर असतात. सगळ्यांना जाळी कुठून आणायची? म्हणून आता खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायच्या आधी विचार करतो. जो जीव सांभाळता येणार नाही, तो जन्माला घालून नंतर अहिंसेवर बोलण्यात अर्थ नाही.

म्हणून त्या ताईंना आमचं उत्तर एवढंच. विकायचं की ठेवायचं, ते घरची परिस्थिती पाहून ठरवा. लेकरांना जपणं पहिलं. पण विकलात तर "आम्ही काही केलं नाही" असं म्हणू नका. केलं, असं मनाशी कबूल करा. गुरुमाउलींसमोर बसताना एवढा खरेपणा तरी असावा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि मनातलं तर झाकताच येत नाही.

आपल्या घरी काय अनुभव आहे, गटात जरूर सांगा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏