चांगले चिंतन म्हणजे मनाची खोटी समजूत नव्हे

‘नेहमी चांगलाच विचार करावा, म्हणजे सर्व चांगलेच होते’ असे हल्ली जो तो सांगतो. कीर्तनात उभे राहून आम्हीही हे पुष्कळदा सांगितले. पण एका प्रसंगाने आमचे तोंड बंद झाले.

काही वर्षांपूर्वी एका गावी कीर्तन आटोपून बसलो होतो. एक वृद्ध शेतकरी पाया पडायला आले. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा तरुण मुलगा गेलेला. आम्ही सवयीने म्हणालो, “माउली, मन घट्ट करा. चांगले तेवढे आठवा.” ते हळूच म्हणाले, “महाराज, चांगलंच आठवतं हो, म्हणून तर रडू येतं.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री झोप लागली नाही. आमचे चुकले कोठे?

पाठशाळेत मांडी घालून घोकलेली योगसूत्रे मग आठवू लागलो. पहिल्या पादाच्या ३३व्या सूत्रात पतंजलींनी चित्त प्रसन्न राखण्याचा उपाय सांगितला आहे : सुखी मनुष्याविषयी मैत्री, दुःखी मनुष्याविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद आणि पापी मनुष्याविषयी उपेक्षा. दुःखी मनुष्याला उपदेश करावा, असे तेथे नाही! सूत्र आम्हाला तोंडपाठ होते; पण ज्याला करुणा द्यायची, त्याच्या पदरात आम्ही उपदेश टाकला.

दुसऱ्या पादात प्रतिपक्षभावना सांगितली आहे. वाईट विचार छळू लागले, तर त्यांच्या उलट भावना करावी. लोक याचा अर्थ असा घेतात की, कडू विचारावर गोड विचाराची साखर पेरावी. पण पुढच्याच सूत्रात खुलासा आहे. हा विचार लोभातून आला, क्रोधातून आला की मोहातून, हे पाहावे; आणि त्याचे फळ दुःख व अज्ञान हेच आहे, हे ओळखावे. म्हणजे ही डोळे उघडे ठेवून करायची गोष्ट आहे.

आमचेच उदाहरण देतो. शेजारच्या गावच्या बुवांच्या कीर्तनाला मांडव भरतो आणि आमच्या वेळी मागच्या सतरंज्या रिकाम्या राहतात. हरिपाठाला बसलो तरी मन तेच उगाळीत बसे. मग मनाला विचारले, ‘बाबा रे, या जळण्याने बुवांचे काय गेले? हरिपाठ तर तुझा बुडाला.’ आणि बुवांचा गळा खरोखरच गोड आहे, हेही कबूल केले. यात मनाला फसवले काय? मुळीच नाही. खरे होते तेच मत्सराने झाकले होते. झाकण तेवढे काढले.

चांगले चिंतन ते हेच. दुःखाला सुख म्हणणे नव्हे. सन १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबारायांची पत्नी अन्नावाचून गेली. ते दुःख त्यांनी झाकले नाही, अभंगात सांगितले. आणि नामही सोडले नाही.

आता सवय कशी लावावी? अभ्यास दृढ होण्यास पतंजलींनी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : दीर्घ काळ, खंड नसणे आणि सत्कार म्हणजे आदर. पहिल्या दोन सर्वांना ठाऊक असतात, तिसरी विसरते. आळंदीहून पंढरी एका उडीत कोणी गाठीत नाही. रोजची मजल रोज चालावी लागते, आणि तीही आनंदाने. तसे पहाटे काकड्याच्या वेळी, ज्याच्याविषयी मनात अढी आहे अशा एकाची एक खरी चांगली गोष्ट आठवावी. रात्री निजताना दिवसभरात मन कोठे घसरले, ते पाहावे. एखादा दिवस चुकला, तर मनाला शिव्या देत बसू नये. उद्या पुन्हा चालू लागावे.

पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो, तेव्हा त्या वृद्धांच्या घरी जाऊन बसलो. उपदेश केला नाही. एवढेच विचारले, “मुलगा कसा होता हो?” ते तासभर बोलले. रडले, मध्येच हसलेही. निघताना म्हणाले, “महाराज, आज बरं वाटलं.”

खरे सांगायचे तर, बरे आम्हालाही वाटले. रामकृष्णहरि.