आतला आवाज की हट्ट?



“मला आतून असे वाटते,” म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध पाऊल टाकते, तेव्हा भावकीत वाद पेटतो. हा देवाचा आवाज मानायचा की हट्ट?

शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. तरी या प्रश्नावर त्यांचे जीवन बोलके आहे. १८८३ साली ही तरुण विधवा लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहून तिने त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. मायदेशी टीकेची झोड उठली. तिकडे धर्मशिक्षणातली प्रत्येक गोष्ट त्या तपासून पाहत, म्हणून धर्मभगिनींनाही त्या अहंकारी वाटल्या. आपल्यांना परक्या, परक्यांना हट्टी! याहून मोठा वनवास कोणता?

दुसरी व्हॅटिकन परिषद शिकवते की, सदसद्विवेकबुद्धी हे माणसाच्या अंतरीचे पवित्रस्थान आहे. तिथे तो देवाजवळ एकटा असतो. पण सत्याची पर्वा न करणाऱ्याची ही बुद्धी हळूहळू आंधळी होते, असेही तीच परिषद बजावते. म्हणजे नुसते “आतून वाटते” पुरेसे नाही.

मग पारख कशाने करावी? रमाबाईंच्या जीवनात दोन खुणा दिसतात. पहिली, आपल्या निर्णयाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. दुसरी, मिळालेले स्वातंत्र्य स्वतःपुरते ठेवले नाही. परदेशात असताना, १८८७ साली, त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगावी व्याख्याने दिली. अमेरिकेतून मिळालेल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो अनाथ मुली-स्त्रियांना केडगावी आसरा दिला. ज्या समाजाने दूर लोटले, त्याच्याच लेकींसाठी त्या राबल्या. हट्ट ‘मी’पाशी थांबतो, देवाचा आवाज शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेतो.

अर्थात फळ दिसायला वर्षे लागतात, निर्णय मात्र आज घ्यावा लागतो. म्हणून तरुणांनो, पाऊल टाकण्यापूर्वी प्रार्थनेत विचारा: याची किंमत कोण मोजणार, मी की दुसरा कोणी? आणि आई-वडिलांनो, न पटले तरी घराचे दार लावू नका. चूक असेल तर परतायला वाट राहील. बरोबर असेल तर आपल्याच लेकराला वनवास घडवल्याचे ओझे तुमच्या माथी येणार नाही.

प्रभू आपणा सर्वांना त्याचा आवाज ओळखण्याची कृपा देवो.

आपला धर्मगुरू